जंतूंचा साबण, आपली मळी आणि टनामागची कपात

(एका ऊस उत्पादक सभासदाचे मत)



गळीत हंगाम संपला, ऊसबिलाचा हिशेब अजून लागायचा आहे, आणि तेवढ्यात गटागटांत एका नव्या प्रकल्पाची चर्चा सुरू झाली आहे. तेलाने खराब झालेल्या मातीत काही जंतू राहतात, त्यांना आपली मळी खाऊ घातली की ते साबणासारखा पदार्थ तयार करतात, आणि हा पदार्थ मोठ्या भावाने विकला जातो, असे सांगितले जात आहे. बाहेरगावची एक कंपनी तसा प्रस्ताव घेऊन आली आहे. जागा आपली, मळी आपली, वीज-वाफ आपली, तंत्र त्यांचे. भांडवलासाठी ऊसबिलातून टनामागे कपात करावी, असाही विचार पुढे आला आहे.

कोणी म्हणतो, कारखान्याचे नशीब उघडले. कोणी म्हणतो, हे सगळे थोतांड; मातीतल्या किड्यांनी कधी साबण केला होता काय? मला दोन्ही मते पटत नाहीत. विद्या खरी आहे. नागपूर, चंदीगड, गुजरात अशी आपल्याच देशात ती तपासली गेली आहे. पण पुढे आलेला व्यवहार कच्चा आहे. विद्या पक्की म्हणून व्यवहारही पक्का, अशी समजूत करून देऊन कोणी आपला हात वर करून घेऊ नये, एवढ्यासाठी हे लिहीत आहे.

जंतू साबण कशाला करतात?

आपण कांद्यावर किंवा कोबीवर फवारणी करताना पंपात थोडे स्टिकर टाकतो. ते टाकले नाही तर औषधाचे थेंब पानावरून मोत्यासारखे घरंगळून जातात. स्टिकर टाकले की तेच पाणी पानावर पसरते. पाण्याला स्वतःला आवळून धरण्याची सवय असते, तिला शास्त्रात पृष्ठताण म्हणतात. साबण, स्टिकर, धुण्याची पावडर ही सगळी मंडळी हा ताण सैल करतात. शुद्ध पाण्याचा ताण मीटरला सुमारे ७२ मिलिन्यूटन इतका भरतो. चांगला साबण तो तीसच्या आसपास आणतो.

आता तेल सांडलेल्या जागेतल्या जंतूची अडचण बघा. तो जगतो पाण्यात, म्हणजे मातीच्या ओलीत. त्याचे अन्न आहे तेलात. तेल आणि पाणी काही एकत्र येत नाही. पुढ्यात ताट आहे पण घास हाताशी येत नाही, अशी गत. मग ज्या जंतूला साबण करता येतो, तो तेलाचे बारीक बारीक थेंब करतो आणि खातो. ज्याला येत नाही तो मागे पडतो. स्वच्छ जमिनीत तेल खाणारे जंतू मूठभर असतात. तेल मुरलेल्या जागी वर्षानुवर्षे तेच वाढत जातात. पाडेगावच्या संशोधन केंद्रात उसाची असंख्य रोपे वाढवून त्यांतून एखादा वाण निवडतात, तशीच ही निवड, फक्त ती निसर्गाने केलेली. म्हणून शास्त्रज्ञ असले जंतू शोधायला फुलबागेत जात नाहीत; रिफायनरीच्या गाळात, गॅरेजच्या अंगणात, पेट्रोल पंपाच्या मागे जातात.

या पदार्थाला बायोसर्फॅक्टंट असे नाव आहे. त्यातला सर्वांत अभ्यासलेला म्हणजे रॅम्नोलिपिड. १९४९ पासून तो शास्त्राला माहीत आहे. स्यूडोमोनस एरुजिनोजा नावाचा जंतू तो करतो. रॅम्नोज नावाची एक साखर आणि तिला जोडलेले तेलातले आम्ल, अशी त्याची घडण. अर्धी साखर, अर्धे तेल! साखरेचा भाग पाण्याकडे ओढतो, तेलाचा भाग तेलाकडे, आणि दोघांची गाठ पडते. दुसरा प्रसिद्ध पदार्थ सर्फॅक्टिन. तो बॅसिलस सबटिलिस नावाचा जंतू करतो आणि पाण्याचा ताण ७२ वरून २७ पर्यंत खाली आणतो.

जंतू साबण करतो की नाही, हे पाहायला फार मोठी यंत्रे लागत नाहीत. बशीत पाणी घ्यायचे, वर तेलाचा पातळ थर सोडायचा, आणि मधोमध जंतू वाढवलेल्या पाण्याचा एक थेंब टाकायचा. साबण असेल तर तेल बाजूला सरकते आणि मध्ये स्वच्छ गोल चकती उमटते. तालुक्याच्या कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकणारी मुले असले प्रयोग करतात. खात्री करायची तर पुढच्या चाचण्या असतात, पण पहिली चाळणी एवढी सोपी आहे.

मळीवर हे चालते काय?

चालते. १९९७ साली चंदीगडच्या सूक्ष्मजीव तंत्रज्ञान संस्थेतील मक्कर आणि कॅमिओत्रा यांनी बॅसिलसचे दोन वाण मळीवर वाढवून बायोसर्फॅक्टंट काढल्याचे प्रसिद्ध केले. त्याच वर्षी गुजरातेतील पटेल आणि देसाई यांनी स्यूडोमोनसकडून मळीवर हेच काम करून घेतले. आपल्याला सर्वांत जवळचे काम नागपूरच्या नीरी संस्थेचे. तेथील दुबे आणि जुवारकर यांनी २००१ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात तेलकट गाळातून काढलेला स्यूडोमोनस घेतला आणि त्याला डिस्टिलरीच्या सांडपाण्यावर वाढवले. त्या सांडपाण्याचा ताण बराच खाली आला. म्हणजे ज्या पाण्याच्या वासाने आपण नाकाला रुमाल लावतो, त्यातच जंतूने साबण करून दाखवला.

यात एक गोष्ट ऊसवाल्याला पटकन कळेल. हा जंतू भरभर वाढत असतो तेव्हा साबण फारसा करत नाही. खाद्यातले नत्र संपत आले, वाढ थांबली, की मग तो साबणाकडे वळतो. आपल्या उसाचेही तसेच आहे. मोठ्या बांधणीनंतरही युरिया टाकत राहिले की ऊस हिरवागार दिसतो, पण उतारा घसरतो. वाढ वेगळी आणि उतारा वेगळा, हे आपण अनुभवाने शिकलो. टाकीतल्या जंतूचाही नियम तोच.

कारखान्याने साखर आणि इथेनॉल यांच्यापलीकडे पाहिले पाहिजे, हे प्रस्तावाच्या बाजूने बोलणारांचे म्हणणेही मला मान्य आहे. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यास एकाएकी मनाई केली, मग मर्यादा घालून परवानगी दिली, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये निर्बंध उठवले. या उलटसुलट निर्णयांत ज्या कारखान्यांनी कर्ज काढून डिस्टिलऱ्या वाढवल्या त्यांची झोप उडाली. एकाच गिऱ्हाइकावर अवलंबून राहणे बरे नव्हे, हे खरेच.

पण हिशेब काय सांगतो?

नीरीच्या त्या प्रयोगात डिस्टिलरीच्या सांडपाण्यातून लिटरला सुमारे ०.९ ग्रॅम बायोसर्फॅक्टंट मिळाले. आता पाटी-पेन्सिल घेऊन बसा. एक लाख लिटरची टाकी भरली तर हाती आले ९० किलो. तेवढ्याच टाकीत मळीचा वॉश आंबवला तर आठ-दहा हजार लिटर अल्कोहोल निघते. बायोसर्फॅक्टंटचा भाव अल्कोहोलच्या कितीतरी पट असेल, असू द्या. पण एका किलोमागे हजार लिटरहून जास्त पाणी मागे उरते आणि त्या पाण्याची व्यवस्था आपल्यालाच लावायची असते. कंपनीच्या कागदात या पाण्याबद्दल चकार शब्द नाही.

उत्पादन वाढवता येते. जर्मनीत सोयाबीन तेल खाऊ घालून लिटरला १०० ग्रॅमच्याही वर रॅम्नोलिपिड काढल्याची नोंद आहे. म्हणजे जंतूच्या अंगात ताकद आहे. पण ते झाले खाद्यतेलावर, निवडक वाणावर आणि जातिवंत यंत्रसामग्रीत. आपला देश खाद्यतेल बाहेरून आणतो. मळीवर तेवढे उत्पादन निघेल असे गृहीत धरून नफा मांडणे म्हणजे खोडव्याला आडसालीचा उतारा धरून ऊसबिल काढण्यासारखे आहे.

दुसरी गोष्ट शुद्धीकरणाची. टाकीतल्या पाण्यातून हा पदार्थ वेगळा काढायचा तर आम्ल टाकून साका खाली बसवायचा, मग द्रावक वापरून तो धुऊन घ्यायचा. असल्या पदार्थांच्या एकूण खर्चातला निम्म्याहून जास्त वाटा अनेकदा या शेवटच्या कामावर जातो. मळी स्वस्त म्हणून माल स्वस्त, हा हिशेब म्हणूनच फसवा आहे.

तिसरी अडचण फेसाची. साबण करणाऱ्या जंतूला हवा लागते. साबणाच्या पाण्यात हवा फुंकली की काय होते ते घरातले पोरही सांगेल. टाकीतला माल फेसाबरोबर वर चढून बाहेर येतो. हा फेस आवरता आवरता भल्या भल्या इंजिनियरांच्या नाकी नऊ आले आहेत.

आणि चौथी गोष्ट जिवाची. स्यूडोमोनस एरुजिनोजा हा जंतू मातीत साधा दिसला तरी भाजलेल्या, आजारी, अशक्त माणसाला तो जीवघेणा संसर्ग करतो. अनेक प्रतिजैविकांना तो दाद देत नाही, म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने त्याच्या औषधांना न जुमानणाऱ्या वाणांना धोक्याच्या यादीत घातले आहे. लाख लाख लिटर असा जंतू वाढवायचा आणि टाकी धुवायला आपला हंगामी कामगार उघड्या हातांनी उतरवायचा, हे कदापि चालणार नाही. बॅसिलस सबटिलिस त्या मानाने निर्धोक. त्याच्याच जातीच्या जंतूने आंबवलेले सोयाबीन जपानात लोक रोज खातात. कंपनी कोणता जंतू आणणार, हे प्रस्तावात लिहिलेले नाही. हा प्रश्न सभेत पहिला विचारला पाहिजे.

हा धंदा जगात कोणी करतच नाही असे नाही. एव्हॉनिक या जर्मन कंपनीने २०२४ मध्ये स्लोव्हाकियात रॅम्नोलिपिडचा मोठा कारखाना सुरू केला. तो मक्याच्या साखरेवर चालतो. त्याआधी २०१९ मध्ये युनिलिव्हरने चिली देशात रॅम्नोलिपिड घातलेला भांडी घासायचा द्रव बाजारात आणला होता. म्हणजे गिऱ्हाईक आहे. पण त्या कंपन्यांनी अनेक वर्षे संशोधनावर घालवली आणि भांडवल स्वतःचे घातले. आपल्या कंपनीला भांडवल आपले हवे आहे. या फरकाचा प्रत्येकाने विचार करावा.

मातीही आपली, जंतू मात्र त्यांचा?

प्रस्तावातले एक कलम मला सर्वांत जास्त खटकले. कारखान्याच्या आवारातील तेलकट मातीतून जे उपयुक्त जंतू मिळतील, त्यांवर आणि त्यांच्या वापरावर कंपनीचा हक्क राहील, असे त्यात आहे. वरवर पाहता साधे कलम. माती तर आपण फेकूनच देणार, त्यातल्या जंतूचे काय घेऊन बसलात, असेही कोणी म्हणेल.

पण जंतूची मालकी ही साधी गोष्ट राहिलेली नाही. बंगालमध्ये जन्मलेले आनंद मोहन चक्रवर्ती अमेरिकेत काम करत होते. त्यांनी कच्चे तेल पचवणारा जंतू प्रयोगशाळेत घडवला. त्याच्या पेटंटचा वाद अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९८० साली पाच विरुद्ध चार मतांनी निकाल लागला की माणसाने घडवलेल्या जंतूचे पेटंट घेता येते. त्या दिवसापासून जंतू हा मालमत्तेचा विषय झाला.

आपल्या देशात निसर्गात आढळणाऱ्या जिवाचे, जसा आहे तसा, पेटंट मिळत नाही. मात्र त्याच्याकडून माल काढण्याच्या पद्धतीचे मिळू शकते. शिवाय २००२ चा जैवविविधता कायदा आहे. त्यात जैविक संपत्ती धंद्यासाठी वापरणाऱ्याने परवानगी किंवा पूर्वसूचना कोणाकडे द्यायची आणि लाभाचा वाटा कसा द्यायचा, याचे नियम आहेत. तेव्हा हे कलम जसेच्या तसे मान्य करणे म्हणजे सात-बारा न बघता खरेदीखतावर अंगठा उठवणे होय. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत औद्योगिक सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रह आहे. आपल्या मातीतून चांगला वाण निघाला तर त्याची नोंद आणि ठेव कारखान्याच्या नावाने झाली पाहिजे. पुढे कोणाला वापरायला द्यायचा तो करार करून देऊ.

आधी आपले अंगण

या सगळ्या चर्चेत ज्या मातीवरून विषय निघाला, ती माती मात्र बाजूलाच राहिली. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तसे झाले. वर्कशॉपच्या मागे, ट्रॅक्टर-ट्रकच्या यार्डात आणि मिल हाऊसच्या गटारीच्या तोंडाशी जाऊन बघा. जळके ऑइल, ग्रीस, डिझेल सांडून सांडून जमीन काळी झाली आहे. पावसाचे पाणी तिथे मुरत नाही, वरून वाहून ओढ्याला जाते. ओढ्याच्या काठी आपल्याच सभासदांच्या विहिरी आहेत. सांडपाण्यात तेल-ग्रीस लिटरला १० मिलिग्रॅमच्या वर असू नये असा नियम आहे. पण पहिल्या वळवाच्या पावसात यार्डातून जे वाहते ते मोजतो कोण?

ही माती साफ करायला जंतूंचा उपयोग आज, या घडीला होऊ शकतो, आणि त्याला कोट्यवधींची टाकी लागत नाही. १९८९ साली अलास्कात एक्सॉन व्हाल्डेझ हे जहाज फुटून किनारा तेलाने माखला, तेव्हा तेथे काही भागांत नत्र-स्फुरदाची खते टाकली गेली. तेलात कर्ब भरपूर, पण नत्र आणि स्फुरद नाही. खत मिळताच तिथलेच जंतू जोमाने तेल खाऊ लागले. आपल्याकडे टेरी या संस्थेने पाच प्रकारचे तेलखाऊ जंतू मक्याच्या कणसाच्या भुशात मुरवून ‘ऑइलझॅपर’ तयार केले. ते रिफायनरीच्या तेलकट गाळावर वापरले जाते. उलट उदाहरणही लक्षात ठेवण्यासारखे आहे. १९६७ साली इंग्लंडच्या किनाऱ्याजवळ टॉरी कॅन्यन जहाज फुटले तेव्हा सुमारे दहा हजार टन रासायनिक डिटर्जंट ओतले गेले, आणि तेलापेक्षा त्या डिटर्जंटनेच किनाऱ्यावरचे जीव जास्त मेले.

आपल्याकडे भुसा आहे, युरिया-सुपर फॉस्फेट आहे, पाणी आहे, ट्रॅक्टर आहे. खाली पाणी झिरपणार नाही असा पक्का ओटा करून त्यावर ही माती पसरायची, भुसा आणि खत मिसळायचे, ओल ठेवायची, आणि हवा मिळावी म्हणून दर आठवड्याला उलथापालथ करायची. काम महिन्यांचे आहे, दिवसांचे नाही. आणि दर महिन्याला तेलाचे प्रमाण प्रयोगशाळेत मोजले पाहिजे. तेही प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या परवानगीने, कारण वापरलेले तेल आणि त्याचा गाळ २०१६ च्या नियमांप्रमाणे घातक कचऱ्यात मोडतो. जळके ऑइल तर मान्यताप्राप्त पुनर्प्रक्रिया करणाऱ्यालाच द्यायला हवे.

येथे एक इशारा देणे भाग आहे. ही माती प्रेसमडमध्ये मिसळून कंपोस्ट म्हणून सभासदांना द्यावी, अशी सूचना कानावर आली आहे. कृपा करून असे होऊ देऊ नका. जळक्या ऑइलमध्ये इंजिनाच्या झिजेचे धातू असतात. जंतू तेल खातो, धातू खात नाही. तेल गेले म्हणून माती शुद्ध झाली असे समजून ती आपल्या शेतात टाकली तर विकत घेतलेले दुखणे होईल.

माझे म्हणणे थोडक्यात

एक, या प्रकल्पासाठी ऊसबिलातून एक पैसाही कापू नये. उसाचे पैसे १४ दिवसांत सभासदाच्या हाती पडावेत हा कायदा आहे. आधी तो पाळला जावा, मग जंतूंना जेवायला घालू.

दोन, कारखान्याने तालुक्याचे कॉलेज आणि मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट यांना बरोबर घेऊन दोन हंगामांची लहान चाचणी करावी. आपल्या आवारातल्या मातीतला जंतू, आपली मळी, आपले सांडपाणी. जंतू निर्धोकच निवडावा. लिटरला किती ग्रॅम निघाले, मागे किती पाणी उरले, ते याच पत्रकात छापावे. शुद्ध माल विकण्याची घाई न करता, कच्चाच पदार्थ पाइप आणि टाक्या धुण्यात किंवा तेलकट माती सैल करण्यात कामाला येतो का, हे आधी पाहावे. तिथे शुद्धीकरणाचा खर्च वाचतो.

तीन, वर्कशॉप आणि यार्डातली माती पुढच्या पावसाळ्याआधी ओट्यावर यावी, आणि ओढ्याकाठच्या विहिरींचे पाणी तपासावे.

चार, कंपनीशी बोलणी करायचीच तर कराराचा मसुदा मराठीत, सर्व कलमांसह, वार्षिक सर्वसाधारण सभेच्या निदान महिनाभर आधी सभासदांना वाटावा. जंतूच्या हक्काचे कलम त्यातून काढावे.

संचालक मंडळाच्या हेतूबद्दल माझी तक्रार नाही. नवे काही करावे, ही त्यांची तळमळ मला दिसते. सहकारी साखर कारखाना हाही एकेकाळी नवाच, अनेकांना वेडा वाटणारा प्रयोग होता. पण प्रवरेला तो उभा राहिला तो गावोगाव हिंडून शेतकऱ्याला हिशेब समजावून, त्याच्या संमतीने भागभांडवल गोळा करून. सभासदाला न विचारता त्याच्या बिलातून कापून नव्हे. तोच रस्ता आजही बरा.

सप्टेंबरची सभा जवळ येत आहे. अहवाल हाती आला की शेवटच्या पानापर्यंत वाचा, या विषयावर आपापल्या गटात बोला, आणि सभेला या. चहा-नाश्त्यापुरते येऊन ‘मंजूर, मंजूर’ म्हणून परतू नका. ज्यांचे मत माझ्याहून वेगळे असेल त्यांनी याच पत्रकातून ते अवश्य मांडावे.

— एक ऊस उत्पादक सभासद